हिलालची कानस

सुरतेत हिलाल नालबंदाइतकी हत्यारं जपणारा माणूस नाही, असं हिलाल स्वतःच सांगत असे. गोष्ट अडुसष्ट सालची. खाडीच्या हवेने उधन्याच्या चाळीत दारांच्या कड्यासुद्धा गंजायच्या, पण हिलालची खुरं घासायची कानस लखलखायची. काम झालं की तो तारेच्या ब्रशने तिच्या दातांतला खुराचा भुसा काढी, तेलाचं बोट फिरवी आणि जुन्या धोतराच्या फडक्यात तिला गुंडाळून ठेवी. पाणी मात्र कधी लावायचं नाही! बायको शोभाबाई म्हणायची, एवढी निगा माझी राखली असती तर मीही चकाकले असते.

चलथाणला ऊस वाहणाऱ्या गाड्यांचा मुकादम भाऊराव त्याच चाळीत राही. मोसमातल्या सगळ्या बैलांना नाल ठोकायचं काम यंदा हिलालला द्यायचं की भिकन नालबंदाला, हे तो ठरवणार होता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात हिलालने फडकं सोडलं, तर कानशीच्या दातांत पांढरट भुसा! त्याच्याकडे तर चार दिवसांत एकही बैल आला नव्हता. म्हणजे भिकननेच चोरून वापरली. त्याने भिकनला बोलावलं, भाऊरावाला बोलावलं, अख्खी चाळ ओट्यापाशी गोळा केली. शोभाबाई मागून त्याचा सदरा ओढत होती, पण चोर पकडायच्या घाईत बायकोकडे कोण बघतो?

भिकन म्हणाला, माझी कानस असताना तुझी कशाला घेऊ? त्यावर हिलालने चिमूटभर भुसा तळहातावर घेतला, चोळला, हुंगला. भुशावरून जनावर ओळखतो, अशी त्याची बढाई होती.

"जनावर म्हातारं आहे," तो म्हणाला. "जन्मात खुराला तेल लागलेलं नाही. चालीला फेंगडं आणि स्वभावाने मारकं. भाऊराव, असलं धूड मी एक दिवस दावणीला ठेवणार नाही. बाजारात नेऊन विकून टाकीन."

गर्दीतून भाऊरावाची आई भागीरथी पुढे आली. तिने लुगडं जरासं उचललं. एका टाचेला उन्हाळी शेतासारख्या भेगा, दुसरी लोण्यासारखी गुळगुळीत. दुपारी शोभाबाईनेच तिला कानस दिली होती.

"हाई एकच झायी," म्हातारी शांतपणे अहिराणीत म्हणाली. "दुसरी बाकी शे. बाजारमा इकाले लई जावाना पहिले ती करी दे."

भिकन पोट धरून हसत भिंतीला टेकला. हिलालने खाली बसून म्हातारीचा पाय मांडीवर घेतला. पण काम म्हटलं की त्याचा हात देवाचा. हलक्या हाताने, एका दिशेने, मधूनमधून ब्रश मारत त्याने ती टाच अशी घासली की म्हातारीला डुलकी लागली. भाऊरावाचा रागही उतरला. असा हात भिकनचा नाही, बैल तुझेच, असं तो चारचौघांत बोलून गेला.

हिलाल खूश झाला. सवयीने त्याने तिचा पाय खाली सोडला, म्हातारीच्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि भाऊरावाला म्हणाला, "सोडा हिला. आजचा दिवस गाडीला जुंपू नका."

त्या मोसमात चलथाणच्या बैलांना भिकनने नाल ठोकले.