पीठ मागेल तेवढं पाणी

हिरामण पाटील निवृत्त झाले आणि त्याची शिक्षा घरच्यांना सुरू झाली. एसटीत तिकिटं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. आता तपासायला काही उरलं नाही म्हणून ते फ्रीज तपासू लागले, गॅसचं बटण तपासू लागले, दुधाच्या पिशवीवरची तारीख चष्मा लावून वाचू लागले. शेवटी सुनेने, भाविकाने, कंटाळून त्यांच्या मोबाइलवर 'सांगाल का' नावाचं ॲप टाकून दिलं. तिथे कोणीही प्रश्न विचारावा आणि ज्याला येईल त्याने उत्तर द्यावं. हिरामणांनी ना काही विचारलं, ना काही सांगितलं. दुसऱ्यांच्या उत्तरांतल्या चुका मात्र इतक्या कळवल्या की ॲपवाल्यांनी त्यांना 'दक्ष सदस्य' करून स्वयंपाकाचा विभाग सोपवला. ज्या माणसाला चहा करता येत नाही त्याच्याकडे स्वयंपाक का, हे विचारायची सोय ॲपवर नव्हती.

भाविकाने त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती. तेच ॲप तिने सासूलाही शिकवलं होतं. दुपारी घराजवळच्या धामणकर नाक्यावरचे हॉर्न जरा थकले की कमळबाई उत्तर सांगत आणि भाविका ते शुद्ध भाषेत टाइप करी. माहेर कोन गावचं, म्हणून नाव घेतलं होतं 'कोनची लेक'. कमळबाईंच्या हातची तांदळाची भाकरी हिरामण लग्नापासून रोज खात आले होते, पण चांगली झाली असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. बिघडली तर सांगेनच, असं त्यांचं धोरण. आणि इथे नागपूरची कोण कुठली मुलगी लिहीत होती, 'काकू, तुमच्यामुळे जमलं.' ते वाक्य कमळबाईंनी भाविकाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि दिवसभर गुणगुणत भांडी लावली.

मग एका गृहस्थाचा प्रश्न आला. बायकोचा हात मोडलाय, भाकऱ्या मीच करतो, थापताना फाटतात, काय करू? कमळबाईंना त्याची दया आली. त्यांनी मन लावून सांगितलं, पाणी उकळून घ्या, पीठ मागेल तेवढं पाणी द्या, झाकून वाफ येऊ द्या आणि गरम असतानाच मळा. नव्या तांदळाचं पीठ पाणी कमी पितं, जुन्याचं जास्त.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर उडालं. खाली शेरा होता, 'पीठ निर्जीव असल्याने ते मागणी करू शकत नाही. प्रमाण द्यावे.' त्यांनी नव्याने लिहिलं, पाणी हाताला कळतं. तेही उडालं. 'हाताला कळते यास संदर्भ जोडावा.' भाविकाने संदर्भ जोडला, की हे सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं. त्यावर 'खासगी कौटुंबिक माहिती' असा ठपका बसला आणि 'कोनची लेक' कायमची बंद झाली. त्या दिवसापासून कमळबाईंचं गुणगुणणं थांबलं.

रात्री जेवताना हिरामण मात्र खुशीत होते.

"कोनची कोन बाई हाय," ते म्हणाले. "पीठ पानी मागतं म्हनं. आज बंदच केली तिला."

भाविकाच्या हातातला डाव आमटीतच राहिला. कमळबाईंनी शांतपणे नवऱ्याला वाढलं आणि विचारलं, "मंग बरोबर उत्तर कंचं?"

हिरामणांनी मंजूर उत्तर वाचून दाखवलं. दोन वाट्या पीठ, एक वाटी थंड पाणी, सोबत वाटीचा फोटो. कमळबाई "बरं" म्हणाल्या.

रविवारी भाविकाचे वडील रघू गणेशपुरीहून जेवायला आले. व्याह्यांसाठी हिरामणांनी मोठ्या हौसेने जिताडा मासा आणला होता. कालवण झकास झालं होतं. मग भाकऱ्या आल्या, कडांना फाटलेल्या, आणि ताटात पडल्या तेव्हा त्यांचा आवाज झाला. रघू बिचारे मुकाट्याने एकेक तुकडा कालवणात भिजत घालून वाट बघू लागले. हिरामणांची मान खाली गेली.

"ही काय भाकर हाय?"

"मंजूर भाकर हाय," कमळबाई म्हणाल्या. "दोन वाट्या पीठ, एक वाटी थंड पानी. वाटीचा फोटो पन काढून ठेवलाय."

"माझी पन अशीच होते, विहीणबाई," रघू समजुतीच्या सुरात बोलून गेले आणि जीभ चावली. मग सगळंच सांगावं लागलं. भाविकाची आई न्हाणीत घसरली होती, हाताला प्लास्टर होतं, पोरीला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं. "मोबाइलवर इचारलं. एका बाईनं झ्याक सांगितलं, सकाळी जमली पन. सांच्याला बगतो तं उत्तरच न्हाय. कोना नतद्रष्टानं काढलं, देव जाने."

भाविकाने डोळे पुसत आधी आईला फोन लावला, मग वडिलांना रागावली. शेवटी सासूकडे बोट दाखवून म्हणाली, "ती बाई म्हणजे आमच्या आई." नतद्रष्टाबद्दल मात्र सुनेला काही बोलवेना. हिरामण तोंडातला तुकडा बराच वेळ चावत राहिले.

"तो मी," अखेर ते म्हणाले.

कमळबाई उठल्या आणि त्यांनी शेगडीवर पाणी ठेवलं. रघू शिकायला म्हणून त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसले. हिरामण बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसले; पहिली मऊ भाकरी भाविकाने त्यांना ताटात तिथेच नेऊन दिली. बंद केलेलं खातं उघडणं दक्ष सदस्याच्या हातात नव्हतं, अर्ज करावा लागत होता. एका बोटाने त्यांनी लिहिलं, 'या बाईंची भाकरी मी लग्नापासून रोज खात आहे. अशी भाकरी अख्ख्या तालुक्यात होत नाही.' अर्ज क्षणात परत आला. 'वैयक्तिक मत. संदर्भ नाही.' त्यांनी तेच पुन्हा पाठवलं, मग आणखी एकदा. त्यावर ॲपने त्यांचं दक्षपद काढून घेतलं.

ताट घेऊन ते स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी सगळं वाचून दाखवलं, अर्जासकट. "खरं लिवलं तरी काढून टाकतात," ते म्हणाले.

"तितं कशाला लिवलं?" कमळबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मी हितंच हाय."

हिरामणांनी व्याह्यांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. मघाच्या मऊ भाकरीचा शेवटचा घास त्यांनी गिळला.

"भाकर चांगली झालीय, कमळ. रोजच होते."

तव्यावरची भाकरी टम्म फुगली. कमळबाईंनी ती उलटली, पदराने कपाळ पुसलं आणि विचारलं, "संदर्भ?"

हिरामणांनी रिकामं ताट पुढे केलं.