उसनी खोली

चंपाषष्ठीच्या जेवणाला आमचं घर पुरेना, म्हणून आम्ही शेजारच्या भिंगारदिवे सिस्टरांची मागची खोली एका दिवसासाठी उसनी आणली.

आमच्या वसाहतीत यात नवल नाही. पलीकडच्या कदमांनी मुलीच्या साखरपुड्याला आमचा ओटा नेला होता, तेव्हा आम्ही दारातून थेट अंगणात उड्या मारत होतो. ज्यांना कार्यालयाचं भाडं परवडतं ती माणसं मुळात अशा दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत नाहीत. उसनवारीचे नियम साधे आहेत. खोली आदल्या दिवशी स्वतः जाऊन मागायची, फोनवर नाही. पंखा बंद करून उचलायची. आणि दिवेलागणीच्या आत नेऊन जागच्या जागी बसवायची, कारण मार्गशीर्षात उघड्या भिंतीतून फार गार वारा शिरतो.

मागायला मी गेले. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. आई वारल्यापासून एकट्याच राहतात, पण बोलणं अजून वॉर्डातलंच.

"किती माणसं?" त्यांनी विचारलं.

"तिशीच्या आसपास. पोरंसोरं धरून."

"जेवायला काय?"

"भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात, डाळभात. गव्हाची खीर, गुळातली."

"तळण?"

"तळण परवडत नाही, सिस्टर."

"मग न्या. तळणाचा वास माझ्या भिंतींना सोसत नाही. जेवायला मीही येईन, पण पहिल्याच पंगतीला. घराची एक बाजू उघडी टाकून मला फार वेळ बसता येणार नाही."

सकाळी माझा नवरा भरत, त्याचे दोघे थोरले भाऊ आणि कदम यांनी चार कोपरे धरून खोली उचलली आणि कुंपणावरून अलीकडे घेतली. आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला ती बरोबर बसली. फक्त तिची फरशी वीतभर खाली होती, त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा आधी धडपडला आणि मग नमस्कार करता झाला. खिडकीतून मात्र सिस्टरांच्या अंगणातली पपईच दिसत होती. खोली उसनी मिळते, खिडकीतलं काही मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या थोरल्या जाऊबाईंनी दोनदा बाहेर जाऊन खात्री करून घेतली.

खोलीत सिस्टरांच्या आईनं लावलेली येशूची तसबीर होती. तळी भरायच्या वेळी दादा, म्हणजे माझे थोरले दीर, तिच्याकडे बघत उभे राहिले. खंडोबाची तळी उचलायची, भंडारा उधळायचा, आणि भिंतीवर हे. काढून ठेवावी का, असा प्रश्न निघाला.

"आरं, ऱ्हाऊ द्या," कोपऱ्यातून येसूआत्या म्हणाली. "आपुन त्याच्या खोलीत आलोय. पाव्हणं आपुन हाये, त्यो न्हाई."

तसबीर राहिली. येळकोट येळकोट झालं, तसबिरीच्या काचेवरही थोडा भंडारा उडाला, आणि आत्यानं एक नैवेद्याचं पान तिच्याखाली मांडायला लावलं.

आत्याबद्दल आता सांगायला हवं, कारण त्या दिवशीचा खरा प्रश्न तीच होती. ती माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्न झालं त्याच वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. तिन्ही भाचे तिनं अंगाखांद्यावर वाढवले. आता तिन्ही भाच्यांकडे ती पाळीपाळीनं राहते, एकेक वर्ष. ज्याच्या घरी कुलधर्म, त्याच्या घरी तिचं वर्ष संपतं, आणि जेवणं झाली की पुढच्या घरचे तिला पिशवी आणि गोधडीसकट घेऊन जातात. तिला कुणी घालवून देतं असं नाही. पोचवतात, एवढंच.

यंदा ती आमच्याकडे होती. आमच्याकडे म्हणजे स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला पाय लावून झोपायची. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि तोच दोनदा मागून घ्यायची. मी कामावरून येईपर्यंत चहाला थांबायची. मला सासू मिळाली नाही, माझी आई लांब. वर्षभरात मला त्या म्हातारीची इतकी सवय झाली होती, की ती जाणार या विचारानं आठवडाभर मी तिच्या पिशवीला हातच लावला नव्हता. सगळा स्वयंपाक मी काटकसरीनं पण निगुतीनं केला, वांगी परसात गोवऱ्यांवर भाजली, की पाहुणे खूश होऊन जावेत आणि आत्याचा विषय निघाला की माझं ऐकावं.

चातुर्मासात आमच्यात वांगं खात नाहीत, ते याच दिवशी सुटतं. त्यामुळे भरीत दणकून खपलं. सिस्टरांनीही दोनदा मागून घेतलं आणि त्या आपली उघडी भिंत सांभाळायला निघून गेल्या. मग हात धुऊन दादा म्हणाले, "आत्याचं काय करायचं?"

पाळी दादांची होती. पण त्यांच्या घरी मुलाचं लग्न ठरलेलं, सून यायची. मधल्या भाऊजींचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बघितली की आत्याला घाम फुटतो.

"ती इथेच राहू दे," मी म्हटलं.

"कुठं? पिठाच्या डब्यावर?" दादा म्हणाले, आणि सगळे हसले. भरतसुद्धा हसला. मला त्याचा असा राग आला की मी हातातला वाढणाचा डाव तिथेच ठेवला. "पोरांचा अभ्यास, आपलं झोपणं, सगळं एका खोलीत," भरत मग हळूच म्हणाला. "तिचेच हाल होतात गं." हे खोटं नव्हतं.

दादांनी एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात चौकशी केली होती. चांगलं आहे म्हणाले, वेळेवर जेवण, भजन. दोन-तीन दिवसांत फोन करतो म्हणाले. आत्या खिडकीपाशी बसून पपईकडे बघत होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. थोड्या वेळानं ती गोधडी ओढून तिथेच कलंडली.

उन्हं उतरली, एसट्या गाठायच्या म्हणून पाहुण्यांची पळापळ सुरू झाली. खोली परत करायची तर एक अडचण होती. उसनं आणलेलं भांडं आपण रिकामं परत करत नाही. वाटीत साखर आणली तर वाटीत काहीतरी घालूनच देतो. कदमांनी आमचा ओटा परत केला तेव्हा त्यावर मोतीचुराचे लाडू होते. पण खोलीत किती घालायचं?

"पातेल्यात वाटीभर घालतात," थोरल्या जाऊबाई हिशेब मांडायला लागल्या. "त्या मापानं खोलीत निदान पोतंभर गहू तरी हवेत."

"पोतं कुठून आणू, वहिनी?" भरत म्हणाला.

बरीच चर्चा झाली. शेवटी माप नव्हे, भाव बघावा असं ठरलं. वाटीभर भरीत, दोन रोडगे आणि तळीतलं खोबरं एका ताटलीत घालून खोलीच्या मधोमध ठेवायचं. मी ताटली भरली. ती भरत ठेवील असं मी धरून चालले. ती मी ठेवली असं भरत धरून चालला. सतरंज्यांची चळत खोलीच्या कोपऱ्यात तशीच राहिली होती, ती उद्या आणू म्हणाले. चौघांनी चार कोपरे धरले, खोली उचलली आणि दिवे लागायच्या आत सिस्टरांच्या घराला नेऊन बसवली. पाहुणे गेले.

मी स्वयंपाकाचा ओटा पुसायला घेतला, तर ताटली तिथेच.

रिकामी खोली परत केली! आता वसाहतीत तोंड कसं दाखवायचं? मी ताटली उचलली आणि धावत सिस्टरांच्या दारी गेले.

"सिस्टर, माफ करा. खोली चुकून रिकामी आली."

"रिकामी कुठे?" सिस्टर म्हणाल्या. "या, बघा."

मागच्या खोलीत, सतरंज्यांच्या चळतीला टेकून, येसूआत्या चहा पीत होती. बशीत पाव होता.

"आत्या, तू इथे कशी?"

"झोपले व्हते. जागी झाले तवा हितंच," आत्या म्हणाली. "पाव बरा हाये."

"सिस्टर, ही चुकून राहिली," मी म्हटलं. "आम्हाला ही ताटली द्यायची होती."

सिस्टरांनी ताटली घेतली, भरिताचा वास घेतला आणि ती टेबलावर ठेवली. "ही वेगळी भेट. हिच्याबद्दल आभार. पण खोलीतून आलं ते आलं. भांड्यात घालून दिलेली वस्तू कुणी परत मागतं का?"

"घालून दिली नाही हो. चुकून गेली."

"मागच्या नाताळात मी तुमच्या डब्यात केक पाठवला, त्यात माझा चमचा चुकून आला. मी मागितला?"

"नाही."

"तुम्ही दिलात?"

तो चमचा अजून आमच्या मिठात आहे.

मग मी भरतला बोलावून आणलं. त्यानं आपल्या परीनं बाजू मांडली. वस्तू आणि माणूस यांत फरक असतो, असं त्याचं म्हणणं. सिस्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे दरवर्षी हिला एका घरातून दुसऱ्या घरात देतात ना? तेव्हा काय म्हणून देता?" भरतनं बाहेर जाऊन एसटीत बसलेल्या दादांना फोन लावला. दादांनी दोनच गोष्टी विचारल्या, संडास घरात आहे का आणि जिना चढावा लागतो का. मग ते म्हणाले, रीत ती रीत, आपण मोडू नये. त्यांच्या आवाजात सुटका इतकी स्वच्छ ऐकू आली की भरतची मान खाली गेली.

"जाऊ दे," तो मला म्हणाला. "खिडकी आहे, खाट आहे. तिचं भलं होईल. आणि कुंपणापलीकडे तर आहे."

"तिचं भलं होईल, आणि मी?" मी म्हटलं. मग मला राहवेना. मी सिस्टरांपुढे हात जोडले आणि भरतच्या आणि आत्याच्या देखत मोठ्यानं म्हणाले, "मला रीत माहीत आहे. मी रीत मोडून मागतेय. आमची म्हातारी मला परत द्या. तिच्यावाचून मला घरात करमायचं नाही."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा हलला. "आईच्या मागं या खोलीत आज पहिल्यांदा कुणी घोरलं. मी नाही देणार."

आत्यानं बशी खाली ठेवली. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा सिस्टरांकडे.

"तू मला परत मागाया आलीस?" तिनं मला विचारलं.

"हो."

"आन ह्या देत न्हाईत?"

"नाही."

आत्यानं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, ते हसण्यानं की रडण्यानं ते आधी कळेना. मग पदराआडूनच ती म्हणाली, "सत्तर वर्सं समदी मला पोचवीत आली गं. पोचवून माघारी गेली. परत मागाया कुनी आलं न्हवतं."

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि रडले. सिस्टरांनी माझ्यासाठी चहा टाकला.

"मग चल ना आत्या," मी म्हटलं.

"न्हाई," आत्या डोळे पुसत म्हणाली. "म्या घरी आले की तू कशाला मागशील? हितं ऱ्हाते. तू रोज मागाया ये."

तेव्हापासून ती सिस्टरांकडे आहे. मी रोज संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन जाते आणि दारात उभी राहून आत्याला रीतसर परत मागते. सिस्टर रीतसर नाही म्हणतात. आत्या खाटेवर ताठ बसून दोन्ही बाजू ऐकून घेते, आणि मग आम्ही तिघी चहा पितो. कधी मी घाईत नुसतं "द्या" म्हटलं, तर ती नीट मागायला लावते.

गेल्या आठवड्यात मला ताप भरला. दिवसभर मी पांघरूण घेऊन पडले होते, संध्याकाळी उठवेना. अंधार पडता पडता दार वाजलं. बाहेर सिस्टर उभ्या, आणि त्यांचा हात धरून येसूआत्या, डोक्याला स्कार्फ बांधून.

"आज मागायला आला नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "ही चहा घेईना."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला, भरतला गोळी आणायला पिटाळलं, आणि आत्याला माझ्या उशाशी बसवलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती. मी कोपरावर जरा उठले.

"सिस्टर, आमची आत्या परत द्या," मी म्हटलं.

"नाही देणार," सिस्टर म्हणाल्या.

आत्यानं माझ्या केसांवरून हात फिरवला, पांघरूण नीट खोचलं, आणि दोघी एकमेकींचा हात धरून घरी गेल्या.