चुलीचा नियम

जगात कॉम्प्युटर गेमच्या ज्या काही मोठमोठ्या स्पर्धा चालतात, त्या चालवणाऱ्यांनी एकदा महाडला येऊन जहांगीरभाईंची शिकवणी लावावी, असं खुद्द जहांगीरभाईंचं मत होतं. आणि हे मत ते कोणी विचारायच्या आत सांगून टाकत!

"ते बडे लोक नुसते डोकी खाजवत बसलेत. आपण चार वर्षांत सगळं करून मोकळे!"

जहांगीरभाईंना माउस कुठल्या हातात धरायचा हेसुद्धा धड माहीत नव्हतं. जन्म ट्रकधंद्यात गेला होता. एक ट्रक विकून त्यांनी दहा कॉम्प्युटरचं सायबर कॅफे टाकलं, ते मुलासाठी, मुसैबसाठी. पण अंडरआर्म क्रिकेटचे सामने भरवण्यात मात्र या माणसाचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. मांडव, भोंगा, पंच, नारळ, सगळं तोंडपाठ! कॅफेत पोरं दिवसभर 'काउंटर' नावाचा गोळीबाराचा खेळ खेळतात, पाच जण इकडे, पाच जण तिकडे, आणि 'मार रे, मार!' म्हणून ओरडतात, हे त्यांनी पाहिलं आणि दोन हजार एकच्या मे महिन्यात भोंगा लावला.

पहिल्या वर्षी महाडातल्या आळ्यांचे संघ होते आणि बक्षीस होतं कोंबडा. तो टेबलाच्या पायाला बांधला होता. ऐन सामन्यात त्यानं वायरीत पाय घातला आणि एका बाजूचे तीन कॉम्प्युटर एकदम बंद पडले. तेव्हापासून कोंबडा गेला आणि फिरती ढाल आली. सलग तीन वर्षं जिंकेल त्या गावानं ती कायमची ठेवायची. हा नियम जहांगीरभाईंनी महाडला डोळ्यांसमोर ठेवूनच केला होता.

दुसऱ्या वर्षी उपांत्य सामन्यात लाइट गेली. लोडशेडिंग! पण तिकडे पोलादपुरात लाइट होती. मग काय, सगळी पोरं ट्रॅक्स जीपमध्ये कोंबली आणि हायवेनं थेट उबेदभाईंच्या कॅफेत! संध्याकाळी तिथली लाइट गेली तेव्हा सगळी वरात परत महाडला. अशा रीतीनं स्पर्धेला दुसरं गाव मिळालं. 'हे मी मुद्दाम ठरवलंय' असं जहांगीरभाई भोंग्यावरून सांगत राहिले.

पण पोलादपूर नुसतं लाइट देऊन थांबलं नाही. 'लाइट आमची, मग संघबी आमचा' म्हणत त्यांनी त्याच वर्षी थेट अंतिम सामन्यात संघ उतरवला आणि त्या संघात होती उबेदभाईंची मुलगी माहरुख. ती बापाच्या कॅफेचं काउंटर सांभाळायची. गिऱ्हाईक नसलं की खेळत बसायची, आणि गिऱ्हाईक बहुतेक नसायचंच! ओढणी नीट करून ती खुर्चीत बसली आणि तिनं महाडची पाचही पोरं तांदळातल्या खड्यांसारखी वेचून बाजूला काढली. ढाल पोलादपूरला गेली.

तिसऱ्या वर्षी 'एक गाव, एक संघ' असा जाहीरनामा निघाला आणि खेडी उतरली. कापडे गावात औषधाला कॉम्प्युटर नव्हता, पण मुंबईत गेलेल्या गावकऱ्यांचं मुंबई मंडळ होतं ना! त्यांनी दीपेश नावाचा कप्तान आणि चार पोरं एस्टीनं धाडली. या पोरांना आपलं गाव विचारत विचारत शोधावं लागलं. पण खेळले असे, की महाडला उपांत्य सामन्यातच घरी बसवलं. अंतिम सामन्यात त्यांना माहरुखनं बसवलं. ढाल दुसऱ्यांदा पोलादपूरला!

जहांगीरभाई खवळले. "भाड्याचे खेळाडू आणता? ऐका! स्पर्धेआधी महिनाभर जो ज्या गावच्या चुलीवर जेवला, तो त्या गावचा! दुसरा कायदा नाय!" आणि कोणी कुरकुर करू नये म्हणून कापड्याचेच कुशाबा पंच नेमले. कुशाबांनी सुपारी कातरत नियम ऐकून घेतला.

"ठीक हाय जहांगीरभाय. ध्येनात ठेवतो."

चौथं वर्ष उजाडलं आणि जहांगीरभाईंची झोप उडाली. पोलादपूर आणखी एकदा जिंकलं की ढाल कायमची गेली! आपण भरवलेली स्पर्धा, आपण आणलेली ढाल, आणि ती उबेदच्या कपाटात? जीव गेला तरी नाही! आणि मग एके दिवशी वरणभात कालवता कालवता त्यांना ती युक्ती सुचली.

"महरुन्निसा, त्या पोरीची चूल बदलायची!"

"कुठल्या पोरीची?" बायकोनं विचारलं.

"माहरुखची! आपल्या मुसैबशी निकाह लावू. सून महाडची, चूल महाडची, ढाल महाडची!"

"अवो, सून आणताय की गोलंदाज?"

"दोन्ही!"

महाडच्या संघाचा कप्तान मुसैब आतून कान देऊन ऐकत होता. त्या मुलीकडून मार खाता खाता तो केव्हाच गार झाला होता. तो बाहेर आला आणि म्हणाला, "अब्बा, गावासाठी मी काय पण करीन."

मार्चअखेर निकाह झाला. जहांगीरभाई मांडवात असे फिरत होते, जणू काही सामना जिंकूनच आलेत! चार दिवसांनी उबेदभाईंचा फोन आला. नव्या जावयाला पोलादपुरातल्या नातेवाइकांकडून दावतीची आवतणं आली आहेत, दोघांना पाठवा.

"पाठवतो की! सासुरवाडीचं जेवण नाकारू नये!" जहांगीरभाई म्हणाले. जोडी गेली. एका चाचांकडे कोंबडी, दुसऱ्यांकडे बिर्याणी, खालाकडे सांदणं. प्रत्येक घर म्हणे, 'आमच्याकडे दोन दिवस तरी राहायलाच हवं.' जहांगीरभाई इकडे नाक्यावर ऐटीत सांगत होते, "पोरगा तिकडं नुसता खातोय, खातोय!"

अंतिम सामना मे महिन्यात महाडलाच होता. कापड्याचा संघ बाद झाल्यामुळे महाड न खेळताच तिथवर आलं होतं. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. माहरुख आणि मुसैब सकाळीच पोलादपूरहून आले आणि महाडच्या बाजूला बसले. जहांगीरभाईंनी भोंगा हातात घेतला, तेवढ्यात कुशाबांनी हात वर केला.

"थांबा! नाणं मंग उडवू. आधी चूल!"

"सूनबाय, गेला महिना जेवलीस कुठं?"

माहरुखनं सासऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पोलादपूरला."

"सगळा महिना?"

"हो. अजून दोन घरं राहिलीत."

"आन् कप्तान, तुमी?"

मुसैबनं बोलायची गरजच नव्हती. त्याच्या सदऱ्याच्या पोटावरच्या गुंड्याच साक्ष देत होत्या.

"दोघंबी पोलादपूरचं!" कुशाबांनी निकाल दिला.

जहांगीरभाईंच्या पायाखालची जमीन सरकली. सून मिळाली नाही ती नाहीच, वर हातचा कप्तानही गेला! "अवो कुशाबा, ती दावत होती! पाहुणचार होता!"

मागून कापड्याचा एक जण उठला. "परवा आमची मुंबयची पोरं एस्टीतनं उतरली तशी परत धाडलीत! आता सुनंला येगळा कायदा?"

तेवढ्यात उबेदभाई पुढे आले. मनानं भला माणूस. "जाऊ द्या हो. सून तुमची, पोरगा तुमचा. खेळवा दोघांना महाडकडून. आमची काय हरकत नाय."

झालं! कोणी शिवी दिली असती तर जहांगीरभाईंनी गिळली असती, पण ही दया त्यांच्या फार जिव्हारी लागली. त्यांनी भोंगा तोंडाशी धरला.

"महाडला दान नको! नियम मी केलाय, मीच पाळणार! दोघं पोलादपूरची!"

"मंग तुमच्याकडं तिघंच राह्यली," कुशाबा म्हणाले.

"चार! चौथा मी!"

पोलादपूरनं आपली दोन पोरं उठवून लेक-जावयाला बसवलं, आणि इकडे जहांगीरभाई टोपी सारखी करून कॉम्प्युटरपुढे बसले. आयुष्यात पहिल्यांदा! त्यांनी पहिली गोळी झाडली ती आपल्याच संघातल्या पोराला लागली. दुसऱ्या फेरीत ते आकाशाकडे बघत मागे मागे चालत राहिले. पण बाकीची तिघं पोरं म्हाताऱ्याची ती जिद्द बघून अशी पेटली, की जीव तोडून खेळली आणि सामना बरोबरीत आणला. शेवटची फेरी राहिली. जी बाजू ती जिंकेल, ढाल तिची!

फेरी सुरू होताच जहांगीरभाई एका कोपऱ्यात जाऊन अडकले. समोर भिंत. कुठलंही बटण दाबलं तरी भिंतच! तिकडे धडाधड माणसं पडली. महाडची तिन्ही पोरं गेली, मुसैब गेला, पोलादपूरचे बाकीचेही गेले. कुशाबा पडद्यांवरून नजर फिरवत ओरडले, "उरली दोन! सून आन् सासरा!"

माहरुख त्या कोपऱ्यापाशी आली. समोर सासऱ्यांची पाठ. तिनं हात माउसवरून काढून घेतला आणि ओढणी डोक्यावर पुढे ओढली.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, "मागं बघा ना."

"मागं कसं बघतात?"

"माउस फिरवा."

त्यांनी माउस उचलून हवेत फिरवला. भिंत जागची हलली नाही.

"अब्बा, मी थांबते. तुमी शिका."

"थांबायचं नाय!" जहांगीरभाई भिंतीकडे तोंड करूनच गरजले. "मार गो पोरी! उद्या कोणी म्हणायला नको, जहांगीरनं सुनेकडून ढाल मागून घेतली! मार!"

"सलाम, अब्बा," माहरुख म्हणाली आणि तिनं गोळी झाडली.

मांडवात एवढ्या टाळ्या पडल्या, की भोंगा ऐकू येईना. जहांगीरभाईंनी ढाल स्वतःच्या हातानं उबेदभाईंना दिली. मान ताठ, आवाज खणखणीत. डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्यांनी मांडवातल्या धुळीवर ढकललं.

घरी आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि सगळ्यांना समोर बसवलं. "हरलो, पण वाकलो नाय! नवी ढाल आणतो, हिच्या दुप्पट! आणि ऐकून ठेवा, पुढच्या मेपर्यंत मुसैब आणि माहरुख माझ्याच चुलीवर जेवणार. दावत नाय, आवतण नाय. बघतो कोण नेतंय माझ्या सुनेला पोलादपूरला!"

माहरुख लाजून आत पळाली. महरुन्निसानं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

"पुढच्या मेपर्यंत? अवो, पहिलं बाळंतपण माहेरी असतंय!"