चेअरमनसाहेबांची जागा

"मिलिंदराव, तुमी आकारामला माज्या डोक्यावर बसवलंय," फोनवर तासगावच्या बेदाणा संस्थेचे चेअरमन नाथाजी बोलत होते. ते बोलायला लागले की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी चालायचं.

कराडच्या एसटी स्टँडमागं मिलिंदचं दोन कॉम्प्युटरांचं दुकान होतं. साल अठ्ठ्याण्णव. तासगाव तालुक्यातल्या पहिल्या वेबसाइटचं काम त्यानं छाती ठोकून घेतलं होतं. शनिवारी उद्घाटन होतं आणि त्याला आणखी चार संस्थांचे चेअरमन येणार होते. त्यांना आवडलं तर चारही कामं मिलिंदची. नाही आवडलं तर साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात वडिलांनी बघून ठेवलेली कारकुनी होतीच, आणि तिच्या नुसत्या नावानं मिलिंदला जांभई यायची.

"आण्णा, माझ्या कॉम्प्युटरवर तर तुमचा फोटो बरोबर मध्ये आहे. डावीकडं व्हाइस चेअरमन, उजवीकडं सेक्रेटरी. स्टेजवर बसवल्यासारखं."

"हितं येऊन बगा. वर आकाराम, खाली मी."

मिलिंदच्या लगेच लक्षात आलं. वेब पानं दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर, आणि संस्थेच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या ब्राउझरला शेजारीशेजारी रकाने कळत नव्हते. तो पहिला फोटो वर, दुसरा त्याच्या खाली, तिसरा त्याच्याही खाली असा रचत सुटला होता. आता गेल्या निवडणुकीत व्हाइस चेअरमन आकाराम नाथाजींच्या विरोधात उभे राहिले होते, हे त्या ब्राउझरला कोण सांगणार?

"दोन मिनिटांचं काम आहे," मिलिंद म्हणाला. त्याची सगळीच कामं दोन मिनिटांची असायची. त्यानं नाथाजींचा फोटो पहिल्या रकान्यात टाकला, पान पुन्हा इंटरनेटवर चढवलं आणि निवांत चहा प्यायला.

दुपारी पुन्हा फोन आला. या वेळी नाथाजींचा आवाज खाली होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"आमची पूजा सांगलीला कॉलेजात हाय. तिनं तिथल्या नव्या कॉम्प्युटरवर बगितलं. मला म्हणती, बाबा, तुमाला कडंला बसवलंय आणि मधी आकारामकाका हायेत."

"आण्णा, जुन्यात पहिला तो वर, नव्यात मधला तो मोठा. हवं तर दोन पानं करतो. एक जुन्यांसाठी, एक नव्यांसाठी."

"म्हंजे एकात मी वर आणि एकात मी मधी? खुर्ची एकच हाय, मिलिंदराव. शनिवार तोंडावर आलाय. जमत नसंल तर आत्ताच सांगा."

असं कुणी म्हटलं की मिलिंदला हमखास काहीतरी सुचायचं. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं फोटोग्राफर घेऊन तासगावात हजर झाला आणि बेदाण्याच्या शेडसमोर खुर्च्या मांडून त्यानं मंडळींचा एकच ग्रुप फोटो काढायला लावला. एक चित्र, एक चौकट. त्यातल्या माणसाला कुठला ब्राउझर उठवून दुसरीकडं बसवणार?

नाथाजी मधोमध बसले. आकाराम शेजारी बसले आणि हळूच खुर्ची मध्याकडं सरकवू लागले. नाथाजींनी ते पाहिलं. त्यांनी संस्थेचा शिपाई ज्योतिबा याला हाक मारली. ज्योतिबा पलटणीतून रिटायर होऊन आलेला, सहा फूट दोन इंच, डोक्याला फेटा.

"माज्या मागं ताठ हुबा ऱ्हा रं. वजन दिसतंय."

शनिवारी हॉल भरला. चार पाहुणे चेअरमन पुढच्या ओळीत बसले. नाथाजींनी नारळ फोडला, मिलिंदनं कॉम्प्युटरवरून टेलिफोन लाइन जोडली आणि कॉलर ताठ करून बटण दाबलं.

टेलिफोनच्या तारेतून फोटो उतरतो तो वरून खाली, एकेक रेघ करत. आधी शेडचा पत्रा आला. मग फेट्याचा तुरा आला. मग अख्खा फेटा, मिशा, खांदे आणि तीन मेडल. त्याखाली नाथाजींच्या पांढऱ्या टोपीचं टोक डोकावलं, आणि तेवढ्यात लाइन गेली.

पडद्यावर संस्थेच्या नावाखाली एकटा ज्योतिबा उभा होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "चेअरमन भारदस्त हायेत." दाराशी पाण्याचा जग घेतलेला ज्योतिबा अंग चोरून म्हणाला, "आवं आण्णा, मी काय केलं न्हाई. मी नुसता हुबा हुतो."

मिलिंदच्या डोळ्यांपुढं टाइम ऑफिसचं हजेरीबुक उघडलं. "आण्णा, लाइन आली की खालचं सगळं दिसेल," तो घाईनं म्हणाला. "तुम्ही आहात. खाली आहात."

नाथाजी खुर्चीतून उठले. चष्मा पुसून पडद्याजवळ गेले. टोपीच्या टोकावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही माजीच न्हवं?"

"तुमचीच."

"आणि आकारामची?"

आकाराम नाथाजींपेक्षा अर्धी वीत बुटके. मिलिंदनं नीट पाहिलं. "नाही. त्यांची नाही दिसत."

नाथाजींनी मागं वळून आकारामकडं बघितलं, मग समाधानानं पाहुण्यांकडं.

"ह्या पोराकडं बिनधास्त काम द्या," ते म्हणाले. आणि मिलिंदच्या कानाशी वाकून पुटपुटले, "खालचं आनू नगा. हितंच कापा."