साडेतीन ग्रॅमचा मासा

सगळ्या भानगडीचं मूळ दोन शब्दांत आहे. रविवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "गळ टाकता येतो का तुम्हाला?" आणि नाडीसाहेब छातीठोकपणे म्हणाले, "येतो की!"

खरं सांगायचं तर नाडीसाहेबांनी आयुष्यात पाण्यात टाकलेली एकच वस्तू म्हणजे चष्मा. (तोही लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत, वाकून बायकोला कमळ दाखवताना.) पण समोरून सासरे विचारत होते, आणि अशा वेळी माणूस विचार करून थोडाच बोलतो!

नाडीसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं टोपणनाव. पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड रूमचे ते हेडक्लार्क, आणि त्यांच्या खोलीत कात्रीला बंदी. जुन्या फायलीच्या नाडीला कितीही गाठी पडल्या असल्या तरी ती कापायची नाही, सुईनं सोडवायची, असा त्यांचा नियम. एका गाठीला दोन तास लागले तरी चालतील. (अर्ज घेऊन समोर ताटकळणाऱ्या माणसाला चालतात की नाही, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही.)

सासरे पूल बांधून निवृत्त झालेले इंजिनियर. अकरा वर्षांत ते जावयाशी जेवढं बोलले, तेवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. "या." "बसा." "वाटेत गर्दी होती का?" संपलं. दर रविवारी ते आपल्या लहानशा नावेतून तळ्यावर मासे धरायला जात. सोबतीला एक जुने मित्र असायचे, ते मुलीकडे परगावी राहायला गेले आणि नावेतली दुसरी जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी आता जावयाला बोलावणं आलं होतं. या माणसानं एकदा तरी आपल्याला आपलं म्हणावं, असं नाडीसाहेबांना फार फार वाटायचं. त्यांचे स्वतःचे वडील लवकर गेले होते. पुढच्या रविवारी तळ्यावर फजिती झाली तर पुन्हा "या, बसा" वर अकरा वर्षं काढावी लागणार होती.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर ते तडक मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "नवीन आहात का? मग हे साधं रीळ घ्या. त्या आडव्या बेटकास्टिंग रिळावर हात बसायला वेळ लागतो."

"नवीन? मी?" नाडीसाहेब हसले. "आमच्या घरात आडवंच चालतं." सासऱ्यांकडे तसलं पाहिलं होतं ना!

"बरं. मग गळाला लावायचा नकली मासा तरी जरा जड घ्या."

इथे नाडीसाहेबांनी डोकं चालवलं. वजन कमी म्हणजे त्रास कमी. त्यांनी दुकानातला सगळ्यात हलका मासा घेतला, साडेतीन ग्रॅमचा, शेपटीला दोन गळ असलेला. बाईंनी त्यांच्याकडे डॉक्टर पेशंटकडे बघतात तसं बघितलं आणि पिशवी हातात दिली.

या रिळाची गंमत अशी, की गळाची काठी झटकली की दोरा गुंडाळलेली चक्रीच गरगर फिरते. मासा जड असला तर तो दोरा ओढत नेतो. हलका असला तर बिचारा चार पावलांवर दमतो, पण ते चक्रीला कोण सांगणार? ती आपली फिरतच राहते, आणि एका क्षणात रिळावर दोऱ्याचं घरटं तयार होतं. ते होऊ नये म्हणून चक्रीवर अंगठा हलकेच टेकवून ठेवायचा. जास्त दाबला की मासा पायावर पडतो. कमी दाबला की घरटं. नाडीसाहेबांचा अंगठा तीस वर्षं शिक्के मारून तयार झालेला, त्याला हलकेच हा प्रकार ठाऊक नव्हता.

मंगळवारी आणि बुधवारी हॉलमध्ये एकूण एकोणीस घरटी झाली. गुरुवारी त्यांनी अर्धी रजा टाकली. बायको शाळेत शिकवायला गेलेली, घर रिकामं. स्वयंपाकघराच्या दाराशी बादली ठेवली, श्वास रोखला, काठी मागे नेली आणि सोडली.

काय सांगावं! मासा सुंदर उडाला. अंगठा जागच्या जागी, घरटं नाही, काही नाही. बादली राहिली उजवीकडे आणि मासा सोफ्यामागे उतरला, पण असल्या किरकोळ गोष्टींकडे कोण बघतं? दोरा ताणला गेला. "लागला!" नाडीसाहेब ओरडले आणि भराभरा रीळ फिरवू लागले. पलीकडून काहीतरी सहज येत होतं. येतच होतं. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे मोरपंखी रंगाची लोकर येते आहे.

सोफ्यामागे बायकोची विणकामाची टोपली होती. टोपलीत तिच्या बाबांच्या पंचाहत्तरीचा स्वेटर होता. त्याची डावी बाही आता रिळावर होती, नायलॉनच्या दोऱ्यात पार गुरफटलेली. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"अहो, हे काय?"

"काही नाही गं. सराव."

"कसला, विणकामाचा?" मग तिला टोपली दिसली. "ही बाबांच्या स्वेटरची बाही होती!"

"होती काय, आहे. फक्त सध्या लांब आहे."

"कर्म माझं! थांबा, कात्री आणते."

"खबरदार!" हा आवाज तिनं अकरा वर्षांत ऐकला नव्हता. (रेकॉर्ड रूममधले शिपाई रोज ऐकतात.) "कात्री लावायची नाही. सुई दे."

मग नाडीसाहेब जमिनीवर मांडी घालून बसले. बायको चांगली भांडायच्या तयारीनं समोर बसली होती, पण तिचा राग हळूहळू ओसरत गेला. दोन तासांनी एकीकडे लोकरीचा गुंडा होता, दुसरीकडे दोरा रिळावर नीट गुंडाळलेला, आणि कुठे एक धागा तुटलेला नव्हता.

"इतक्या मायेनं माझ्याकडे कधी बघितलं नाहीत," ती म्हणाली.

नाडीसाहेबांचा धीर सुटला. "मला गळ टाकता येत नाही गं. बाबांशी मी खोटं बोललो. त्यांना सांगू नकोस हं."

"छे, मी कशाला सांगू?" ती म्हणाली, आणि फोन घेऊन गॅलरीत गेली.

रविवारी तळं अगदी शांत होतं. सासऱ्यांनी नाव मध्यावर नेली, वल्ही आत घेतली आणि म्हणाले, "टाका."

नाडीसाहेबांनी टाकला. मासा नावेपासून दोन हातांवर पडला आणि रिळावर विसावं घरटं झालं. नाडीसाहेबांना वाटलं, मासा राहू दे, आपणच उडी मारावी.

"बाबा, मला येत नाही. तुम्ही विचारलंत आणि तोंडातून हो निघून गेलं. मला फक्त तुमच्याबरोबर यायचं होतं."

सासऱ्यांनी पायाशी ठेवलेला डबा उघडला. आत तीन रिळं होती. तिन्हींवर घरटी, नाडीसाहेबांच्यापेक्षा मोठी.

"हा अंगठा," सासरे हात पुढे करत म्हणाले, "दोन वर्षं झाली, बधिर झालाय. चक्री हाताला कळतच नाही. मित्र होता तोवर तो सोडवून द्यायचा. लेकीला सांगितलं तर म्हणेल, आता पुरे झाले मासे." त्यांनी एक रीळ जावयाकडे सरकवलं. "तुम्ही लोकर सोडवलीत, तुटू दिली नाहीत म्हणे."

"म्हणजे तिनं सांगितलं?"

"सगळं. मला गळ टाकणारा हवा होता, मिळाला सोडवणारा. हेच बरं झालं." आणि त्यांनी थर्मासमधला चहा आधी जावयाच्या हातात दिला. त्या दिवशी तीनही रिळं सुटली. मासा एकही मिळाला नाही, पण दोघांपैकी कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

शुक्रवारी पुन्हा फोन. "रविवारी या. माझे तीन मित्र येतायत, त्यांना तुम्हाला दाखवायचंय."

"ऐकलंस का? मला दाखवायचंय!" नाडीसाहेब घरभर नाचले. नवी टोपी आणली, शर्टाला दोनदा इस्त्री केली, वारा आणि पाण्याची खोली यांवर बोलायची चार वाक्यं पाठ केली. ऑफिसात ज्यानं विचारलं त्यालाही सांगितलं आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही.

तळ्याकाठी तीन म्हातारे बाकावर ओळीनं बसले होते. सासऱ्यांनी नाडीसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "हे आमचे जावई."

नाडीसाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी वाऱ्यावरचं पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पहिल्या म्हाताऱ्यानं मांडीवरची पिशवी त्यांच्या हातात दिली. दुसऱ्यानं दिली. तिसऱ्याच्या दोन होत्या.

"यातलं एक रीळ तीन वर्षांपूर्वीचं आहे," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या."

मग चौघे म्हातारे दोन नावांत बसले आणि निघाले. काठावर बाक, चार पिशव्या आणि इस्त्रीच्या शर्टातले नाडीसाहेब राहिले. त्यांनी सुई काढली. बरंच आत गेल्यावर सासऱ्यांनी तोंडाशी हात नेऊन मोठ्या अभिमानानं हाक मारली, "जावईबापू! आणखी कुणी आलं तर बसवून ठेवा, सांगा की नंबर जेवणानंतर लागेल!"