काळजीची वेळ : सव्वाचार ते साडेचार

काळजी माणसाच्या पाचवीलाच पुजलेली आहे. प्रश्न असतो तो फक्त वेळापत्रकाचा.

हे सत्य सर्वप्रथम ओळखलं ते एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागाने. तिशीच्या आतल्या कर्मचाऱ्यांसाठी तिथे 'नियोजित काळजी' हा मानसिक व्यायाम लागू झाला. (तिशीपुढचे सुधारण्यापलीकडे गेलेत, यावर व्यवस्थापनाचं एकमत होतं.) मनात काळजी आली की ती चिठ्ठीवर लिहायची, डब्यात टाकायची आणि सव्वाचार ते साडेचार सर्वांनी मिळून करायची. अवेळी काळजी करताना आढळल्यास एक गुण वजा. पहिल्याच महिन्यात कपाळावरच्या आठ्या एकोणचाळीस टक्क्यांनी घटल्या. (मोजणी शिपायाने केली. त्याच्या स्वतःच्या धरल्या नाहीत. तो बावन्न वर्षांचा आहे.)

फोनवर बसणारी मुलगी विभागात सर्वांत लहान, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. तिची सहा महिन्यांची उमेदवारी त्या दिवशी संपत होती. सगळे गुण शाबूत राहिले तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. आणि घरी आई रोज दारातच विचारायची, "झालं का गं पक्कं?"

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"अहो, मी अडकलोय! तुमच्याच लिफ्टमध्ये, तुमच्याच इमारतीत!"

धाकटीने आवाज ओळखला. हा व्यायाम बसवणारे तज्ज्ञ ते हेच. प्रशस्तिपत्रं वाटायला येत होते. ती खुर्चीतून अर्धी उठली. पण लगबगीने कारागिराला हाक मारावी, तर ती अवेळी काळजी ठरणार, आणि साहेब समोरून बघत होते.

"काळजीचं स्वरूप सांगता का, सर? चिठ्ठी लिहिते."

"स्वरूप कसलं डोंबलाचं! जीव घाबरा झालाय माझा!"

"लिहिलं, सर. सव्वाचारला आपण सगळे मिळून करू."

"अगं बाई, व्यायाम गेला खड्ड्यात! माणूस पाठव!"

तिने तेही लिहून घेतलं. तिला त्यांची फार दया आली; ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहून तिने डब्यात टाकली.

सव्वाचारला अख्ख्या विभागाने पंधरा मिनिटं तज्ज्ञांची मनापासून काळजी केली आणि मग कारागीर पाठवला. तज्ज्ञ अगदी गप्प बसून होते. (घसा बसला होता. अहवालात 'कमालीची मनःशांती' अशी नोंद आहे.) तक्रार करावी, तर व्यायाम त्यांचाच. त्यांनी धाकटीच्या प्रशस्तिपत्रावर सही केली आणि ते जिन्याने खाली गेले.

धाकटी पक्की झाली. दारात आईला सांगताना तिला रडू आलं, पण तेव्हा ती कामावर नव्हती.

हे वाचून कुणाला तिचा राग आला असेल, तर एवढंच सांगायचं, की तुमच्या लिफ्टमध्ये बटणांखाली जो नंबर चिकटवलाय, तो फोन तीच उचलते. अडकायचंच झालं, तर शक्यतो चारच्या सुमारास अडकावं.