जुन्या बॅचचा रणगाडा

सांत्वनाला आलेल्या तिघांपैकी एकाचीही नजर सरांच्या फोटोवर नव्हती. तिघेही फोटोच्या शेजारी, पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेल्या रणगाड्याकडे बघत होते.

"फार वाईट झालं," मेजर म्हणाले. "गिअरबॉक्स शेवटपर्यंत ठणठणीत होता ना?"

"हृदय बंद पडलं," सरांची मुलगी म्हणाली.

"हो हो, तेच विचारत होतो."

मेजर कधी सैन्यात नव्हते. त्यांनी जन्मभर विमा विकला होता. मिशांमुळे नाव पडलं आणि नावामुळे ताठ बसायची सवय लागली. त्यांच्या शेजारी बसलेले दंतवैद्य बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी तोंडात बघत. तिसरे मंडळाचे अध्यक्ष. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि दुःखसुद्धा ठरावासारखं मांडत.

"सरांच्या जाण्याने मंडळाची अपरिमित हानी झालेली आहे," ते म्हणाले. "वार्षिक दिवस येत्या रविवारी आहे. वारसाने गाडा घेऊन यावं, अशी विनंती."

"माणूस जाऊन महिना झाला नाही, तर आले स्क्रू-ड्रायव्हर घेऊन," स्वयंपाकघरातून आत्या स्वतःशीच म्हणाली. आत्या स्वतःशी बोलली की शेजारच्या घरातही ऐकू जायचं. "साखर किती घालू चहात?"

हे मंडळ रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्यांचं होतं. पिकल्या केसांची माणसं दर रविवारी व्यायामशाळेच्या हॉलमध्ये जमत आणि हातभर लांबीचे रणगाडे वाळूतून, फळ्यांवरून, सतरंजीच्या टेकडीवरून हाकत. त्यांची एकमेकांशी लढाई कधी होतच नसे, कारण निम्मे रणगाडे शत्रूपर्यंत पोचायच्या आत बंद पडत. सगळ्यांचा खरा शत्रू एकच होता, गाडे बनवणारी कंपनी. सुरुवातीच्या बॅचमध्ये कंपनीने स्टीलचे गिअर घातले. मग तिथल्या कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं, की रणगाडा विकत घेणारा तो उघडून बघत नाही. तेव्हापासून आत एक करडा धातू येऊ लागला. तो डबीत असेपर्यंत धातू असे आणि गाड्यात घातल्यावर त्याचा खडू होई. दाते चघळलेल्या गोळीसारखे गुळगुळीत होत, ग्रीसमध्ये करडी पूड साठे, आणि गाडा जागच्या जागी टकटक करत राही. तक्रार केली की कंपनी कळवायची, 'आपण गाडा जास्त चालवला असावा.'

त्यामुळे जुन्या बॅचचे गिअर म्हणजे मंडळात घराणं समजलं जाई. आणि त्यामुळेच तो नियम झाला होता. सभासद गेला, की वार्षिक दिवशी वारसाने त्याचा गाडा सगळ्या अडथळ्यांवरून न्यायचा. गाडा पार झाला तर घरच्यांकडे राहील. मध्येच बंद पडला तर तिथेच, सर्वांसमक्ष उघडून त्याचे भाग सभासदांना वाटायचे. मंडळ त्याला अवयवदान म्हणे.

मुलीला 'नाही' म्हणता आलं असतं. पण नियम सरांनीच मांडला होता. मंडळातले औषधवाले वारले तेव्हा त्यांच्या बायकोसमोर गाड्याचे स्क्रू सरांनीच काढले होते, आणि तेही इतक्या हळुवार हाताने, की त्या बाई रडता रडता त्यांचे आभार मानून गेल्या होत्या.

"देऊन टाक ना मग," तिघे गेल्यावर आत्या म्हणाली. "तुला काय करायचाय रणगाडा? कुणावर चाल करून जाणारेस?"

वडिलांचा चष्मा, चपला, इस्त्री केलेले शर्ट, सगळं जागच्या जागी होतं, आणि सगळं मुकं होतं. रणगाडा तेवढा चालू केला की खोलीत त्यांची रविवारची दुपार ऐकू यायची. तिला तो हवा होता. इतकं साधं कारण आत्याला सांगायला तिला संकोच वाटला.

दुसऱ्या दिवसापासून दिवाणखान्यात सराव सुरू झाला. रणगाड्याने पहिल्याच दिवशी खुर्चीचा पाय खरवडला, आत्याची चप्पल उचलून नेली आणि पाणी भरायला आलेल्या बाईंना न्हाणीघरात कोंडून ठेवलं. तरी गाडा चालत होता सुरेख. फक्त वळताना उजव्या बाजूने बारीक टिकटिक यायची. मुलीने तो पालथा केला आणि गिअरबॉक्सचं झाकण उघडलं.

आत सगळं स्टीलचं होतं, लखलखीत. तिला बरं वाटलं. मग तिला एका गिअरवर निळा ठिपका दिसला.

सरांनी गाडा पहिल्यांदा उघडला, की मंडळातला प्रत्येक जण आपापल्या गिअरवर खूण करत असे. दंतवैद्यांचा निळा ठिपका, मेजरांचे कोरलेले तीन तारे, अध्यक्षांची सुईने काढलेली बारीक सही. सर्व्हिसिंगच्या वेळी अदलाबदल होऊ नये म्हणून खुणा कराव्यात, ही सूचना सरांची. आणि मंडळातल्या सगळ्या गाड्यांचं सर्व्हिसिंग करत सरच. बाकी कुणी आपला गाडा स्वतः उघडत नसे.

मुलीने दुसरा गिअर बघितला. तीन तारे. तिसऱ्यावर सही.

"आत्या, हे बाबांचे गिअर नाहीत."

"मग कुणाचे?"

"सगळ्यांचे."

आत्या चष्मा लावून वाकली. बराच वेळ वाकून राहिली. "अगं बाई! खडूचे तुकडे घरी नेले म्हणून या माणसाने शिपायाला सगळ्या शाळेपुढे झापलं होतं."

"आणि मग बाबांचे गिअर कुठे असतील?"

"असतील त्या तिघांच्या पोटात. पचलेसुद्धा असतील."

मुलगी जमिनीवरच बसली. सर एका शाळेचे मुख्याध्यापक होते. 'प्रामाणिकपणा' या विषयावरचं त्यांचं भाषण दरवर्षी तेच असे आणि दरवर्षी तेवढंच लांब असे. आता रविवारी गाडा वाटेत बसला, तर अध्यक्ष सर्वांसमक्ष हे झाकण उघडणार होते.

"ठिपका खरवडून टाक," आत्या म्हणाली. तिने नखांचा रंग काढायचं औषध आणलं. त्याने फरशीचा रंग गेला. ठिपका दातांच्या दवाखान्यातल्या सिमेंटचा होता, तो जन्माचा चिकटलेला. तारे तर खोल कोरलेले. मेजरांनी आयुष्यात तेवढंच काम मन लावून केलं असावं.

"मग नवे गिअर घाल. हे काढून ठेव."

तेही झालं. दुकानातून गिअरची डबी आली. वर छापलं होतं, 'सुधारित आवृत्ती'. आतल्या एका गिअरचं भोक मध्यभागी नव्हतं. दांडीवर चढवल्यावर तो झिंगलेल्या माणसासारखा फिरू लागला. दुसरा दांडीवर चढेचना. तिसऱ्याचा दाता आत्याने नखाने दाबून पाहिला, तो निघून तिच्या हातात आला. डबीच्या तळाशी करडी पूड होती.

"हे तर डबीतच झिजले," आत्या म्हणाली. "बसल्या बसल्या म्हातारे झाले. आमच्यासारखे."

"हे घातले तर गाडा वाळूतच बसेल. उघडला तर आत काही सापडणार नाही. बाबांचं नाव राहील, गाडा जाईल."

"आणि जुनेच ठेवले तर?"

"पार झाला तर दोन्ही राहतील."

"नाही झाला तर?"

मुलीने जुनेच गिअर परत घातले, झाकण बसवलं आणि स्क्रू पिळले.

रविवारी हॉल भरला होता. सभासदांच्या बायका भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून आपापल्या नवऱ्यांकडे, लहान मुलाला पहिल्यांदा पोहायला सोडल्यासारखं बघत होत्या. अध्यक्षांनी दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितलं आणि ती शांतता आपल्या भाषणाने भरून काढली. मग सभासदांचे गाडे निघाले.

मेजरांचा गाडा वाळूत शिरला आणि त्याचा डावा पट्टा मागेच राहिला. तोफ मात्र गरागरा फिरत राहिली. मेजर ताठ उभे राहून म्हणाले, "वाळू ओली आहे. माझ्यात जुन्या बॅचचं स्टील आहे, त्याला काय होतंय!"

अध्यक्षांचा गाडा सुरू झाला तो मागेच जाऊ लागला, आणि मागे जात जात दाराबाहेर गेला. "रिमोटचा दोष," अध्यक्षांनी जाहीर केलं. "गिअर मूळचे आहेत. सभासदांनी नोंद घ्यावी."

दंतवैद्यांचा गाडा फळीवर चढला, मध्यावर थांबला आणि टकटक करू लागला. एवढ्या लांबून ती टकटक आत्यालाही कळली. दंतवैद्यांनी कान लावला, डोळे मिटले, आणि जमलेल्यांना समजावून सांगितलं, "हा आवाज बॅटरीचा. मी नुसत्या आवाजावरून सांगतो. जुनं स्टील असं बोलतच नाही. नव्या धातूचा माल माझ्या गाड्यात कुणी घातला, तर मला पहिल्या वळणाला कळेल."

"अगदी," मेजर म्हणाले.

"निःसंशय," दारातून आपला गाडा उचलून आणणारे अध्यक्ष म्हणाले.

आत्याने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, भावाची आठवण आली.

मग सरांचा गाडा निघाला. मुलीच्या हाताला घाम होता, पण गाड्याला काही माहीत नव्हतं. वाळूतून तो डौलात गेला. फळीवर तसूभरही ढळला नाही. सतरंजीच्या टेकडीवर तो चढू लागला तेव्हा मेजर हळूच म्हणाले, "वा! काय ओढ आहे!" आणि त्या वाक्यात शोक नव्हता, भूक होती.

माथ्यावर पोचल्यावर पट्ट्याची एक पिन सरकली. पिनांवर कंपनी पहिल्यापासूनच काटकसर करत आली होती. पट्टा उलगडून गाड्याच्या पुढ्यात पसरला, आणि टेकडीपलीकडची शेवटची रेघ हातभर राहिली असताना गाडा एका कुशीवर कलला.

कुणीतरी "अरेरे" म्हणालं. अध्यक्षांचा हात खिशात स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला होता.

"काका," मुलगी म्हणाली, "पट्टाच गेलाय. गिअरबॉक्सला काही झालेलं नाही."

"बंद पडला तो बंद पडला. सरांचाच नियम आहे, बेटा. आपण सरांचा मान राखू या."

टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. तिघे गोल उभे राहिले. स्क्रू निघाले, झाकण निघालं, आणि तिघे एकदम वाकले.

मुलगी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती. दंतवैद्यांना आपला निळा ठिपका दिसला हे तिला कळलं, कारण त्यांची नजर तिथून हलेना. मेजरांची मिशी खाली आली. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. प्रत्येकाने फक्त आपलीच खूण ओळखली होती. प्रत्येक जण मनात हिशेब करत होता, की आपल्या गाड्यात मग आज काय आहे, किती वर्षं आहे, आणि आत्ता दहा मिनिटांपूर्वी आपण सगळ्यांपुढे काय बोललो.

"काय निघालं?" मागून कुणीतरी विचारलं. "करा ना वाटप!"

"ग्रीस उत्तम आहे," दंतवैद्य म्हणाले.

"उत्तम," मेजर म्हणाले.

दंतवैद्यांच्या बायकोने खुर्चीवरून मान उंच केली. "अहो, तो निळा ठिपका आपला ना?"

"ठिपके काय, कुणीही देतं!" दंतवैद्य म्हणाले आणि त्यांनी घाईने झाकण जागेवर ठेवलं. मेजरांनी ते वरून दाबून धरलं. अध्यक्षांनी स्क्रू इतके पिळले, की त्यातला एक मोडला.

"मंडळाच्या मते," अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, "पट्टा निघणं म्हणजे बंद पडणं नव्हे. सरांसारख्या चारित्र्यवान माणसाचा गाडा उघडणं, मुळातच, अनुचित. हा गाडा पुन्हा कधीही, कोणीही उघडू नये, असा ठराव मी मांडतो."

"अनुमोदन!" मेजर आणि दंतवैद्य एका श्वासात म्हणाले. टाळ्या झाल्या. औषधवाल्यांची बायको मागच्या रांगेत बसली होती. तिने टाळी वाजवली नाही.

हॉल रिकामा होताना दंतवैद्य आपला गाडा बगलेत धरून मुलीजवळ आले. आजूबाजूला कुणी नाही हे त्यांनी दोनदा बघितलं.

"काका, मी तुमचा गिअर काढून देते," ती आधीच म्हणाली. तिचा चेहरा तापला होता. "आजच देते. बाबांनी हे..."

"शू! कुठला गिअर?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, तिच्या तोंडाऐवजी पहिल्यांदाच डोळ्यांत बघत म्हणाले, "आत्ता कोपऱ्यात जाऊन माझा उघडून बघितला मी. करड्या धातूचाच आहे. पण एकेक दाता कानशीने घासून बसवलाय. कंपनीचा महिनाभर टिकत नाही, सरांनी घासलेला आज गेला. इतकी वर्षं मला पत्ता नाही. मी दिवसभर दातच बघतो गं."

"माफ करा त्यांना."

"माफ काय करायचंय? असं काम माझ्या हातून एकदा व्हायला हवं होतं." त्यांनी गाडा दुसऱ्या बगलेत घेतला. "फक्त त्या दोघांना कळू देऊ नकोस. फसलेला मी एकटाच आहे."

मुलगी बाहेर आली तेव्हा आत्या पायरीवर गाडा मांडीत घेऊन बसली होती. निघालेला पट्टा तिने रुमालात गुंडाळला होता.

"काय म्हणत होता दातवाला?"

"बाबांचं कौतुक करत होता."

"चोरीचं?"

"हो."

आत्याने गाड्यावरची वाळू फुंकरीने उडवली. "बरं झालं बाई. शाळेत पस्तीस वर्षं घासली, तिथे कुणी केलं नव्हतं."

मुलगी हसली. हसू आवरेना, म्हणून आत्याच्या शेजारी पायरीवर बसली, आणि मग बराच वेळ तिला उठताच आलं नाही.